सगळ्यात वाईट फोटो

आमच्या घरात जेवताना बोलायचं नाही असा नियम नव्हता. उलट जेवताना जो गप्प बसेल त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे, असं अम्मी धरून चालायची. अकोल्यात फळबाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर, वर गच्ची, आणि गच्चीवर जाणारा अरुंद जिना. अब्बा संत्र्याचे व्यापारी. व्यापारी म्हटलं की लोकांना गादी, तक्क्या आणि पोट सुटलेला माणूस दिसतो. अब्बांकडे यातलं काहीच नव्हतं. मोर्शीकडच्या बागा ते झाडावरच घ्यायचे, फळ हिरवं असताना. बागेतून फिरायचं, मान वर करून झाडं बघायची आणि अख्ख्या बागेची एकच बोली करायची. नंतर फळगळ होवो की गारा पडोत, बोललेला शब्द बोललेला. मगरिबच्या नमाजानंतर जेवणाचा दस्तरखान पसरला की त्यांचा फोन वाजायला लागायचा. कान आणि खांद्यात फोन दाबून, उजव्या हाताने ज्वारीची भाकरी मोडत ते सौदे करायचे. "नाही ना भाऊ, फळ हाये, मी कुठी नाही म्हनतो? पन गळ कितीक हाये थे बी पाहा ना!" मध्येच अम्मीकडे बघून सालन, म्हणजे रस्सा, वाढ म्हणून खूण करायचे. घरात आम्ही जी बोली बोलायचो तिला लखनौवाले हिंदी म्हणणार नाहीत आणि पुणेवाले मराठी म्हणणार नाहीत. इथे मी ती सोयीसाठी मराठीतच लिहिते आहे. तर तो भाव सांगण्याचा आवाज मला पाठ होता. दुसऱ्यांच्या घरी मुलांना गोष्टी ऐकायला मिळत असतील, आमच्याकडे भाव ऐकायला मिळायचे. आणि घरातला भाव घराबाहेर न्यायचा नाही, हे आम्हाला कोणी शिकवावं लागलं नाही. शाळेत मैत्रिणीने डबा मागितला तर अख्खा देऊन टाकेन, पण अब्बांनी कोणती बाग कितीला मागितली हे मारून टाकलं तरी सांगणार नाही. दस्तरखानावर भाव उघड बोलला जातो म्हणजे तिथे बसलेलं प्रत्येक माणूस आपलं आहे, असा त्याचा अर्थ होता.

संशय मात्र आमच्या घरात अम्मीच्या माहेराहून आला. दूधवाला, मिस्ड कॉल, बँकेचा मेसेज, शेजारणीने आणून दिलेली खीर, सगळ्यावर तिचा संशय. मी अमरावतीला इंजिनिअरिंगला होते, होस्टेलवर. तेव्हा पोरापोरींनी सोशल मीडियावर नवीनच खाती उघडली होती. कोणी कोणाला लाइक दिला यावरून मेसमध्ये भांडणं व्हायची. मी पण उघडलं, आणि ईदचा गुलाबी ड्रेसमधला फोटो लावला. बरा आला होता हो. खालाच्या, म्हणजे मावशीच्या, पोराने तो बघितला आणि घरी चुगली केली. मला वाटलं आता शिक्षण बंद. पण अम्मीने रागावणं सोडून माझा फोनच हातात घेतला आणि सगळे फोटो एकेक करून पाहिले, लग्नाच्या साड्या बघाव्यात तसे. शेवटी एक निवडला. "हा लाव." तो काविळीतून उठल्यावर काढलेला होता. डोळे अर्धे मिटलेले, केसांना तेल, गाल आत गेलेले. मी म्हटलं, "अम्मी, यात मी मेल्यासारखी दिसते." ती म्हणाली, "म्हणूनच. हजार लोक बघणार, त्यातला एक तरी नजरेचा वाईट असणार. चांगलं असेल ते झाकून ठेवावं, दाखवायचं तर हे दाखव." आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरी त्या काळी फोटोच्या जागी गुलाबाचं फूल होत्या, उरलेल्या बाहुल्या आणि दुसऱ्यांची गुटगुटीत बाळं. त्यामानाने माझा निदान स्वतःचा चेहरा तरी होता. मी तो लावला, आणि वर्गातल्या पोरांनी खाली "लवकर बरी हो" असं लिहिलं. तो फोटो मी अजून बदललेला नाही. माझी मुलगी चिडते. म्हणते, "मला लोक विचारतात, तुझी आई आजारी असते का?" तिचा स्वतःचा चेहरा दिवसातून चारदा जगभर फिरतो आणि तिला काही होत नाही, हे मी बघते. तरी मी बदलत नाही.

शिक्षण संपलं तेव्हा बरोबरच्या पोरी पुण्याला गेल्या. मला पुण्याला पाठवायला घरचे तयार नव्हते, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं. तेवढ्यात पल्लवीचा फोन आला. पल्लवी माझी होस्टेलची रूममेट, मोर्शीची, तिच्या घरची संत्र्याची बाग. ती म्हणाली, "अकोल्यातच एक स्टार्टअप निघून राहिलं. प्रोग्रामिंगवाली पायजे. मी तं लागलीच तिथी, तुयं बी नाव सांगितलं, आता माई इज्जत ठेवजो." ऑफिस पाण्याच्या मोटारींच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने वर. भिंतीला भडक पिवळा रंग, त्यावर इंग्रजी वाक्यं, कोपऱ्यात एक मोठी पोत्यासारखी खुर्ची. तिच्यात बसलं की उठता यायचं नाही आणि शिवण उसवून थर्माकोलचे दाणे सगळीकडे उडायचे. दारावर मात्र लिंबू-मिरची. दर शनिवारी आमचा मालक तुषार स्वतः ती बदलायचा. तुषार अकोल्याचाच, पुण्याला शिकून, तिथे नोकरी करून परत आलेला. "मला सर म्हणायचं नाही, आपण इथे फॅमिली आहोत," हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. पगार देणारा माणूस फॅमिली म्हणायला लागला की माझे कान टवकारतात, आजही. पण माणूस मेहनती होता आणि त्याच्या डोक्यातली गोष्ट मला पटली होती.

गोष्ट अशी, की शेतकऱ्याने मोबाईलवर आपल्या बागेतल्या झाडांचे फोटो काढायचे, आमच्या अॅपवर टाकायचे. आमचा प्रोग्राम फोटोतली फळं मोजणार, बागेत किती माल निघेल याचा अंदाज बांधणार, आणि दूरच्या शहरातल्या मोठ्या खरेदीदारांच्या वतीने शेतकऱ्याला थेट भाव कळवणार. अॅपचं नाव झाडबोली. शेतकऱ्याला भाव पटला तर सौदा. दुसरीकडे विकलं तर कोणाला आणि कितीला, ते त्याने अॅपमध्ये नुसतं भरायचं. मोजणी माझ्याकडे होती. आज हे काम कोणतंही पोर कॉम्प्युटरला सांगून करून घेतं, पण तेव्हा मशीनला संत्रं म्हणजे काय हे दाखवावं लागायचं. हिरव्या पानांत हिरवं फळ! मी आणि पल्लवी दिवसभर फोटोंवर फळाभोवती गोल काढत बसायचो. घरी येऊन तव्यावरची भाकरी बघितली तरी वाटायचं, हिच्याभोवती पण गोल काढावा. त्या कामात मला मजा यायची हे कबूल करते. पहिल्यांदा मशीनने आपलं आपण फळ ओळखलं तेव्हा मी आणि पल्लवी खुर्चीवर चढून ओरडलो होतो, आणि खालून मोटारवाल्याने काय पडलं म्हणून विचारलं होतं.

त्या संध्याकाळी मी उत्साहाने घरी सगळं सांगितलं. शेतकरी आणि खरेदीदार थेट जोडले जाणार, मधला माणूस जाणार. अब्बांनी घास थांबवला. "मधला माणूस म्हणजे मी का?" खरं सांगते, तोपर्यंत माझ्या डोक्यात मधला माणूस म्हणजे दुसराच कोणीतरी होता, सिनेमातल्यासारखा, मिशीवाला. अब्बा हसले. "कर, बेटा. तू नाही केलं तर दुसरा कोणी करेल. तुला पगार तरी मिळेल." आणि भाकरी खाऊ लागले. मला हायसं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी जेवताना फोन वाजला, तेव्हा अब्बांनी हात धुतले, फोन उचलला आणि जिन्यात गेले. तिसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. दार लोटलेलं असायचं, आणि पलीकडून नुसती पुटपुट ऐकू यायची. अम्मी ताटावर झाकण ठेवायची. का, ते मी विचारलं नाही. आमचं जेवण तेव्हापासून लग्नाला वीस वर्षं झालेल्या नवरा-बायकोसारखं चाललं, फक्त भांड्यांचा आवाज.

गावांतून आम्ही अॅप सांगत फिरायचो तेव्हा लोक आमच्याकडे कसे बघायचे, ते मला अजून दिसतं. ते दिवसच तसे होते. कापसाचा भाव पडलेला, विहिरी खोल गेलेल्या, कित्येकांनी पाण्यावाचून वाळलेल्या बागा तोडून जळणाला दिल्या होत्या. आणि अशा वेळी दर हंगामाला कोणीतरी गाडी घेऊन यायचा. कोणी म्हणायचा इमू पाळा, कोणी म्हणायचा कोरफड लावा, आम्हीच विकत घेऊ. लावलं, पाळलं, आणि घेणाऱ्यांचे फोन बंद. त्यामुळे पारावरचा म्हातारा पहिला प्रश्न हाच विचारायचा, "फुकट हाये म्हनता? मंग आमचं काय नेनार?" याला तुषारकडे इंग्रजी उत्तर होतं, मराठी नव्हतं. पल्लवी गावची लेक म्हणून तिच्या भरवशावर लोकांनी अॅप घेतलं आणि फोटो टाकायला लागले. हिवाळ्यात फुललेल्या आंबिया बहाराची फळं झाडावर फुगत होती, पोळा तोंडावर आला होता. आम्ही भाव पाठवले. आणि लोकांनी ते घेतले नाहीत. एकानेही घेतले नाहीत असं नाही, पण बहुतेकांनी बाग व्यापाऱ्यालाच दिली, आणि प्रत्येक वेळी आमच्या भावापेक्षा थोडा जास्त भाव घेऊन. कोणाला दिली, ते अॅपमध्ये भरलेलं असायचं. त्यात एक नाव पुन्हा पुन्हा यायचं, ते माझ्या वडलांचं.

मला आधी ते योगायोग वाटलं. मग एके दिवशी ऑफिसात सगळ्यांचे फोन टेबलावर एकदम थरथरले आणि माझा थरथरला नाही. आमचा ऑफिसचा ग्रुप होता, त्यावर विनोद, फॉरवर्ड, सुट्टीचे निरोप चालायचे. मी बघितलं, त्यावर काही नवं नव्हतं. पुन्हा थोड्या वेळाने सगळे फोन थरथरले, सगळ्यांनी खाली बघितलं, आणि कोणीच माझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे दुसरा ग्रुप निघाला होता, माझ्याशिवाय. चहाला कोणी हाक मारेना. भाव ठरतात त्या पानाचा माझा पासवर्ड चालेना. तुषार म्हणाला, काहीतरी गडबड आहे, बघतो. पल्लवीला मी सरळ विचारलं, "तू आहेस त्या ग्रुपमध्ये?" तिने मान खाली घातली. "मले टाकलं त्याईनं. मी काही लिहत नाही वं त्याच्यात," ती म्हणाली. काय लिहितात हे तिने सांगितलं नाही.

शेवटी शुक्रवारी तुषारने सगळ्यांसमोर विचारलं. चिडला की त्याचं पुणं गळून पडायचं. "शाहीन, तुया बापाले आपला भाव कोन सांगते?" मी म्हटलं, "मी नाही सांगत." "मंग काय थे सपनात येते त्यायच्या? दर टायमाले आपल्यापेक्षा जरासाच जास्त? तुमचे लोक असेच असतात, आतून एक अन् बाहेरून एक." तुमचे लोक म्हणजे व्यापारी लोक, की आणखी कोणते, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. कूलरचा आवाज येत होता, सगळे आपापल्या स्क्रीनकडे बघत होते. तो म्हणाला, सोमवारपर्यंत घरी बस, मग बघू. मला रडू आलं नाही, संताप आला. अकोला केवढं आहे? पोरगी ऑफिसातला भाव बापाला विकते अशी एकदा हवा झाली, की पोरीला कोणी दारात उभं करणार नव्हतं, आणि बापालाही.

पण वाटेत, रिक्षात, मला दुसराच विचार आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट होता. मी तर सांगितलं नाही. मग अब्बांनी माझा लॅपटॉप उघडला असेल का? लॅपटॉप रात्री घरीच कपाटावर पडलेला असायचा, भाव त्यात दिसायचे. पासवर्ड म्हणजे माझंच नाव. तो कोणालाही सुचला असता. जिन्यात जाऊन ते कोणाशी बोलतात? माझ्यापासून लपवण्यासारखं काय आहे? विचारायची हिंमत नव्हती. संशयी आईची मुलगी, मी एक उपाय केला. लॅपटॉप बंद करून त्याच्या झाकणावर, बरोबर मध्ये, तांदळाचा एक दाणा ठेवला. कोणी उघडला तर दाणा पडणार. शनिवारी सकाळी नळ आला होता. आमच्याकडे कित्येक दिवसांनी एकदा पाणी यायचं, त्यामुळे घरभर बादल्या, ड्रम, आरडाओरडा. मी मोठा ड्रम भरत असताना आतून अम्मीची किंकाळी आली. धावत गेले तर अम्मी कपाटासमोर उभी, ओढणी तोंडाला लावलेली. "या मशिनीवर तांदूळ कोणी ठेवला? कोणीतरी करणी केली माझ्या पोरीवर! म्हणूनच हिचं तोंड उतरलंय!" मी काय बोलणार? माझाच दाणा होता. अम्मीने लाल मिरच्या आणि मीठ मुठीत घेतलं, आधी माझ्यावरून उतरवलं, मग लॅपटॉपवरून. मिरच्या विस्तवावर टाकल्या आणि हुंगून म्हणाली, "बघ, ठसका येत नाही! किती नजर होती!" मला चांगला ठसका येत होता, तो मी दाबून धरला.

मिरच्या जळत असताना तिचं तोंड चालूच होतं. "तू लोकांच्या फळाने लदलेल्या झाडांचे फोटो त्या मशिनीत घालतेस. अगं, नजर लागायला आणखी काय पाहिजे? मला तर कळत नाही, लोक देतातच कसे तुला! मी असते तर दिला असता एखाद्या वाळक्या झाडाचा." मी ठसका विसरले. माझा काविळीचा फोटो डोळ्यांसमोर आला. मग एकेक करून आमच्याकडे आलेले फोटो आठवायला लागले, ज्यांच्यावर मी महिनोन्महिने गोल काढले होते. वाकडी झाडं. बांधावरची झाडं. पानं गोळा झालेली. एका फोटोत तर फांदीवर फळापेक्षा बांडगूळच जास्त. मी त्यातली फळं इमानाने मोजत होते, आणि हे झाड त्या माणसाने का निवडलं, हा प्रश्न मला कधीच पडला नव्हता. मी अम्मीचा हात धरला आणि तिच्या मुठीचा मुका घेतला. अम्मीला वाटलं करणी उतरली.

पल्लवी सुट्टीला घरी गेलीच होती. रविवारी सकाळची बस धरून अमरावतीला, तिथून मोर्शीला गेले. पल्लवीच्या वडलांना मी वसंतकाका म्हणायचे. त्यांनी आधी जेवायला बसवलं. पाटोडीचा रस्सा, नाकातून पाणी काढणारा, आणि जेवण होईपर्यंत कामाचं काही बोलू दिलं नाही. हात धुतल्यावर मी विचारलं, "काका, तुम्ही अॅपवर टाकलेले फोटो कोणत्या झाडांचे?" ते आम्हाला बागेच्या पार टोकाला घेऊन गेले, जिथे विहिरीचं पाणी पोचत नव्हतं. ओळीतलं शेवटचं झाड, अर्धं वाळलेलं. "याचा काढला. अन् हा बाजूचा." मागे अख्खी बाग फळांनी वाकलेली! फांद्यांना बांबूचे टेकू लावलेले. पल्लवी कपाळाला हात लावून म्हणाली, "बाबा, चांगल्या झाडाचे काढाचे होते ना!" काका तिच्याकडे असे बघायला लागले की जणू पोरगी शहाणी होती ती शिकून बिघडली. "चांगल्या झाडाचा फोटो कोन काढते वं? मोबाईलात गेलेला फोटो कुठी जाते, कोन पाह्यते, काही मालूम हाये का? भरली बाग हाये माही. एखाद्याचे डोये लागले तं?" मी विचारलं, "पण अब्बांना तर तुम्ही सगळी बाग दाखवता." "चाचाची गोष्ट अलग हाये. चाचा बागेत येते, पायाले चिखल लावते, आमच्या घरी च्या पेते. तेचे डोये मले मालूम हाये." मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि अगदी सहज सांगितलं, "तुमच्या कंपनीचा भाव आला तवा चाचाले हेच्यात दाखोला ना. म्हनलं, पाहा, कंपनी एवढे देते. चाचा म्हने, मी याच्याहून थोडे जास्त देतो. मंग म्हनलं घ्या." पल्लवी किंचाळली, "बाबा! तुमीच दाखवला?" काका म्हणाले, "मंग? भाव काय लपवाची चीज हाये?" आम्ही दोघी बांधावर बसून इतक्या हसलो की पल्लवीच्या आईला वाटलं, पोट्ट्याईले ऊन लागलं.

त्या दुपारी आम्ही काकांच्या पाया पडून, गयावया करून, आतल्या चांगल्या झाडांचे फोटो काढले. काकांनी अट घातली, फोटो काढून झाले की झाडांच्या खोडाला काजळाचं बोट लावायचं. लावलं. सोमवारी मी बोलावणं यायच्या आधीच ऑफिसात गेले, पल्लवीला शेजारी उभं करून तिच्या वडलांनीच अब्बांना आपला भाव दाखवला हे सांगितलं, नवे फोटो मशीनला दिले आणि तुषारला आकडा दाखवला. अब्बांनी दिला होता त्याच्या अगदी जवळ. त्याने वाचलं, खुर्चीत मागे टेकला आणि काय म्हणाला असेल? "हा प्रोग्राम तूच लिहिलास. आकडा तुला हवा तसा आणता येईल." पल्लवीने ओरडायला तोंड उघडलं, मी तिला थांबवलं. "तुझ्या नव्या गाडीखाली काळी बाहुली आणि जुनी चप्पल लोंबकळते," मी म्हटलं, "ती कोणी बांधली?" "आईने. त्याचं काय?" "आणि दारावर लिंबू कोण बांधतं, दर शनिवारी?" त्याने दाराकडे बघितलं. "तू नव्या गाडीचा फोटो तरी टाकलास का कुठे?" त्याला गाडी आणून महिना झाला होता आणि त्याने टाकला नव्हता, आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्याचे कान लाल झाले. मग वऱ्हाडीतच म्हणाला, "च्यायला. आपन अख्ख्या जिल्ह्याचे मेलेले झाडं मोजून राहिलो होतो."

त्याने माफी मागितली, सगळ्यांसमोर, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. पासवर्ड परत दिला. आणि त्याच दुपारी माझा फोन थरथरला. त्याने मला त्या दुसऱ्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. मी उघडून बघितलं. नव्याने आलेल्या माणसाला त्या ग्रुपमधलं आधीचं काही दिसत नाही. पान कोरं. इतके दिवस माझ्याबद्दल काय काय लिहिलं गेलं, कोणी हसण्याची चित्रं टाकली, "तुमचे लोक" म्हणजे कोण याचा उलगडा त्यात होता की नव्हता, ते मला कधीच कळलं नाही. पल्लवीला विचारलं असतं तर तिने दाखवलं असतं. मी त्या ऑफिसात पुढे अॅप बंद पडेपर्यंत काम केलं, पण फोन टेबलावर ठेवताना माझा हात जरा थांबायचा तो थांबायचाच.

घरी येऊन मी दस्तरखानावर सगळं सांगितलं. तांदळाचा दाणा तेवढा गाळला. अम्मी म्हणाली, मी म्हटलं नव्हतं का. अब्बा आधी काकांच्या झाडावर पोटभर हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "त्या पोराने तुझ्यावर संशय घेतला? माझ्या मुलीवर? घरातला भाव बाहेर नेईल ही?" त्यांचा आवाज चढला. मी म्हटलं, "अब्बा, तुम्ही पण घेतला." "मी? मी कधी?" "तुम्ही जिन्यात जाता." त्यांनी पाण्याचा गिलास उचलला, प्यायले नाहीत, खाली ठेवला. "घरात रेंज येत नाही," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले. अम्मीने एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि भाकरी मोडून माझ्या ताटात टाकली. मला खूप वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावर चिडताही आलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. अब्बांनी सवयीने एक गुडघा उचलला, हात धुवायच्या भांड्याकडे वळले. मग ते थांबले आणि पुन्हा मांडी घातली. फोन कान आणि खांद्यात दाबला, भाकरीचा घास मोडला आणि मोठ्याने, जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने भाव सांगितला. बाग कोणाची, मागणी किती, शेवटचा आकडा काय, सगळं. पलीकडचा माणूस घासाघीस करत होता, त्याचाही आवाज स्वच्छ येत होता. रेंज अगदी चांगली होती. तो भाव खरा होता, की माझ्या ऐकण्यासाठी सांगितलेला, हे कळायला मला काहीच अवघड नव्हतं. त्या बागवाल्याने आमचं अॅप घेतलेलं होतं. दोन दिवसांत तो झालेला सौदा भरणार होता, आणि माझा पासवर्ड आता चालत होता. मी तो आकडा कधी उघडला नाही. त्या रात्री मी ताट पुढे केलं आणि अम्मीला म्हटलं, थोडं सालन वाढ.